ऐकून घेणारा डॉक्टर

घरातली तरुण सून काम करता करता खाली कोसळते. दातखीळ बसते, मुठी आवळल्या जातात, हात-पाय ताठ होतात. शेजारपाजारचे जमतात. कोणी कांदा हुंगवतो, कोणी तोंडावर पाणी मारतो. डॉक्टर तपासतात, रक्ताचे आणि मेंदूचे अहवाल चांगले येतात, आणि मग घरात दोनच निष्कर्ष उरतात. एक तर ती ढोंग करते, नाही तर तिला बाहेरचे काही लागले आहे. पहिल्या निष्कर्षाने तिला बोलणी बसतात, दुसऱ्याने अंगारा आणि ताईत. यवतमाळ जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांत काम केलेल्या डॉक्टरांना हे चित्र नवे नाही.

सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी युरोपातल्या मोठ्या शहरांतही हेच चालत असे. अशा स्त्रियांच्या आजाराला तिथे हिस्टेरिया म्हणत. थंड पाण्याचे फवारे, विजेचे हलके झटके, सक्तीची विश्रांती हे त्यावरचे उपाय होते. रुग्णाला काय म्हणायचे आहे, हे विचारण्याची पद्धत नव्हती. ती पद्धत ज्याच्या नावाशी कायमची जोडली गेली, तो व्हिएन्नाचा डॉक्टर म्हणजे सिग्मंड फ्रॉइड. त्याचे कितीतरी सिद्धांत आज टिकलेले नाहीत. पण रुग्णाचे बोलणे हाच उपचाराचा भाग असू शकतो, हा त्याचा धडा आज समुपदेशनाच्या प्रत्येक खोलीत आहे.

लोकर व्यापाऱ्याचा मुलगा

फ्रॉइडचा जन्म ६ मे १८५६ रोजी मोराव्हियातल्या फ्रायबर्ग या लहान गावी झाला. आज ते गाव चेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याचे नाव प्रशिबोर आहे. वडील याकोब लोकरीचा व्यापार करत. धंदा बसला आणि कुटुंब १८६० मध्ये व्हिएन्नाला आले. घर ज्यू, परिस्थिती बेताची, भावंडे बरीच. पण थोरल्या सिग्मंडच्या अभ्यासात कोणी अडथळा आणायचा नाही, असा घरचा दंडक होता.

१८७३ मध्ये तो व्हिएन्ना विद्यापीठात दाखल झाला. त्याला संशोधक व्हायचे होते. विद्यार्थी असताना त्याने वाम माशाच्या नराचे वृषण शोधण्यासाठी सुमारे चारशे मासे कापले. पुढे चेतापेशींवर काम केले. मनाच्या अभ्यासाकडे वळलेला हा माणूस मुळात सूक्ष्मदर्शकावर वाढलेला होता. १८८१ मध्ये तो डॉक्टर झाला. पण प्रयोगशाळेत पैसा नव्हता आणि मार्था बर्नेस या तरुणीशी लग्न ठरले होते. संसाराइतपत कमाई होईपर्यंत दोघांना चार वर्षे थांबावे लागले.

लवकर नाव कमावण्याच्या घाईत त्याच्या हातून एक गंभीर चूक झाली. १८८४ मध्ये त्याने कोकेनच्या गुणांची वाखाणणी करणारा लेख लिहिला आणि मॉर्फिनच्या व्यसनात अडकलेल्या आपल्या डॉक्टर मित्राला, एर्न्स्ट फ्लाइश्लला, ते सुचवले. मित्राचे पहिले व्यसन तर सुटले नाहीच, दुसरे मात्र जडले. १८९१ मध्ये त्याचा अंत झाला. एखादी कल्पना पूर्ण तपासण्याआधी तिच्यावर विश्वास टाकण्याची ही सवय फ्रॉइडला पुढेही पुरती सोडून गेली नाही.

पॅरिसचे चार महिने

१८८५ च्या ऑक्टोबरात तो शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेला. तिथल्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झां मार्तां शार्को हे नामांकित मेंदूविकारतज्ज्ञ हिस्टेरियाच्या रुग्णांना संमोहित करून दाखवत. केवळ सूचनेने हात लुळा पडतो आणि सूचनेनेच तो पुन्हा हलतो, हे फ्रॉइडने डोळ्यांनी पाहिले. हाताला काहीही झालेले नाही, तरी तो खरोखर हलत नाही. म्हणजे हे ढोंग नव्हे. शरीराला आजारी पाडणारे काहीतरी मनात आहे आणि त्याचा पत्ता खुद्द रुग्णालाही नाही.

व्हिएन्नाला परतून १८८६ मध्ये त्याने दवाखाना थाटला आणि त्याच वर्षी लग्न केले. तोवर योझेफ ब्रॉयर या ज्येष्ठ डॉक्टर मित्राने त्याला एका मुलीची हकीकत सांगितलेली होती. मनोविश्लेषणाचा उगम त्या हकिकतीत आहे.

बोलून मोकळी होणारी मुलगी

त्या मुलीचे नाव बर्था पापेनहाइम. वैद्यकीय ग्रंथांत ती ॲना ओ. या टोपणनावाने येते. वय २१, बुद्धी तल्लख, पण श्रीमंत सनातनी ज्यू घरात मुलीने पुढे शिकायची सोय नव्हती. १८८० मध्ये वडील आजारी पडले. रात्र-रात्र जागून त्यांची शुश्रूषा करता करता ती स्वतःच कोसळली. उजवा हात-पाय लुळा पडला, नजर बिघडली, खोकला थांबेना, मातृभाषा जर्मन तोंडातून फुटेना. बोलायची ती फक्त इंग्रजीत.

ब्रॉयर रोज तिच्याकडे जात आणि ती बोलत राही. मनातले सगळे सांगून झाले की तिला काही काळ बरे वाटे. ऐन उन्हाळ्यात तिला पाणी पिता येईनासे झाले. ओठाला पेला लावला की किळस येई. जवळपास सहा आठवडे तिने खरबुजासारख्या फळांवर तहान भागवली. एके दिवशी संमोहनात तिने सांगितले की, घरी सोबतीला असलेल्या बाईच्या कुत्र्याला तिने पेल्यातून पाणी पिताना पाहिले होते आणि भिडेखातर ती गप्प राहिली होती. दाबलेला सगळा राग बाहेर पडला, आणि तिने पाणी मागून घेऊन पेलाभर प्यायले.

या प्रकाराला तिने स्वतःच दोन नावे दिली. एकाचा अर्थ बोलण्याचा उपचार. दुसरे गमतीचे होते. धुराड्यात साचलेली काजळी झाडण्याशी तिने त्याची तुलना केली. म्हणजे या उपचारपद्धतीचे नामकरण डॉक्टरांच्या आधी एका रुग्ण स्त्रीने केले.

१८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी मिळून हिस्टेरियावर पुस्तक काढले. त्यात बर्था बरी झाल्याचे लिहिले होते. प्रत्यक्षात १८८२ मध्ये ब्रॉयर यांचे उपचार थांबले, त्याच्या पुढच्याच महिन्यात तिला स्वित्झर्लंडमधल्या एका आरोग्यधामात दाखल करावे लागले होते, आणि सावरायला तिला पुढची काही वर्षे लागली. मग मात्र ती अशी उभी राहिली की जर्मनीतल्या स्त्री चळवळीत तिचे नाव झाले. फ्रँकफर्टमध्ये तिने अनाथ मुलींचे वसतिगृह चालवले, १९०४ मध्ये ज्यू स्त्रियांची संघटना उभारली, मुलींच्या खरेदी-विक्रीविरुद्ध लढा दिला. तिच्या मृत्यूनंतर १८ वर्षांनी, १९५४ मध्ये, पश्चिम जर्मनीने तिच्या गौरवार्थ टपाल तिकीट काढले. बोलण्याने वाट मोकळी होते. पण हाताला काम आणि आयुष्याला अर्थ मिळाला की माणूस उभा राहतो, हेही तिच्या चरित्रातून दिसते.

डॉक्टरने गप्प बसावे

फ्रॉइडला गप्प बसायला शिकवले तेही एका रुग्ण स्त्रीनेच. १८८९ च्या सुमारास तो एका श्रीमंत विधवेवर उपचार करत होता. ही दुखणी कुठून आली, ते कशामुळे झाले, असे प्रश्न तो सारखे विचारी. वैतागून तिने त्याला सांगितले की, मध्ये मध्ये विचारणे बंद करावे आणि तिला जे सांगायचे आहे ते सांगू द्यावे. फ्रॉइडने ते ऐकले. हळूहळू त्याने संमोहन सोडले. मनात जे येईल ते, क्षुल्लक असो वा लाजिरवाणे, न गाळता बोलायचे, एवढाच नियम राहिला. याला मुक्त साहचर्य म्हणतात. रुग्णाने कोचावर पडायचे आणि डॉक्टरने त्याला दिसणार नाही असे डोक्यामागे बसायचे. तो जगप्रसिद्ध कोचही एका रुग्ण स्त्रीने दिलेली भेट होती.

१८९६ मध्ये त्याने या पद्धतीला मनोविश्लेषण हे नाव दिले. त्याच वर्षी वडील वारले आणि त्या दुःखात तो स्वतःची स्वप्ने तपासू लागला. त्यातून स्वप्नांच्या अर्थावरचा त्याचा ग्रंथ तयार झाला. १८९९ च्या नोव्हेंबरात तो बाहेर पडला, पण प्रकाशकाने त्यावर १९०० साल छापले. पहिल्या आवृत्तीच्या ६०० प्रती खपायला आठ वर्षे लागली.

त्याचे म्हणणे थोडक्यात असे. माणसाच्या मनाचा मोठा भाग त्याच्या स्वतःच्या नजरेआड असतो. जी इच्छा, भीती किंवा आठवण सहन होत नाही, ती मन खाली दाबून टाकते. दाबलेली गोष्ट नाहीशी मात्र होत नाही. ती स्वप्नात वेष पालटून येते, बोलताना जीभ घसरते तेव्हा डोकावते, नाही तर अंगावर दुखणे होऊन उमटते. बालपणीचे अनुभव आणि लैंगिक प्रेरणा यांना त्याने यात फार मोठे स्थान दिले. त्यावरूनच सर्वांत जास्त गदारोळ झाला.

जिथे त्याचे ऐकणे अपुरे पडले

ऐकण्याची दीक्षा देणारा हा डॉक्टर स्वतः नेहमी नीट ऐकत होता असे नाही. १८९५ मध्ये एमा एकस्टाइन या त्याच्या रुग्णावर त्याचा मित्र विल्हेल्म फ्लीस याने नाकाची शस्त्रक्रिया केली आणि सुमारे अर्धा मीटर कापडी पट्टी आतच राहिली. रक्तस्रावाने ती मरता मरता वाचली. तरीही पुढे फ्रॉइडने त्या रक्तस्रावाचे कारण तिच्या मनातल्या ओढीत शोधले.

१९०० मध्ये १८ वर्षांची एक मुलगी त्याच्याकडे आली. डोरा हे तिचे ग्रंथातले नाव. वडिलांच्या मित्राने तिच्याशी लगट केली होती आणि घरचे तिला खोटे पाडत होते. ती खरे सांगते, हे फ्रॉइडला पटले होते. पण मनातून तिलाही तो माणूस हवा आहे, असे तो तिला पटवत राहिला. ११ आठवड्यांत तिने उपचार सोडले. आज कोणताही समुपदेशक या प्रकरणाकडे धोक्याची घंटा म्हणून पाहतो. ऐकण्याआधीच उत्तर ठरवून ठेवले की ऐकणे संपते.

कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाचा आक्षेप मुळावरच होता. रुग्णाने हो म्हटले तरी सिद्धांत बरोबर आणि नाही म्हटले तरी बरोबर, तर तो खोटा ठरण्याची सोयच राहत नाही. मग त्याला विज्ञान कसे म्हणायचे? मुलाच्या मनातले आई-वडिलांविषयीचे गंड, स्त्रीच्या मनाविषयीची अनुमाने, असे त्याचे बरेच काही पुढे मागे पडले.

व्हिएन्नाहून जगात

१९०२ पासून दर बुधवारी फ्रॉइडच्या घरी चर्चा सुरू झाल्या. आल्फ्रेड ॲडलर तिथे येत. कार्ल युंग पुढे झुरिकहून जोडले गेले. १९०९ मध्ये अमेरिकेतल्या क्लार्क विद्यापीठात फ्रॉइडची पाच व्याख्याने झाली आणि मनोविश्लेषण समुद्रापार गेले. ॲडलर १९११ मध्ये, तर युंग १९१३ मध्ये त्याच्यापासून दुरावले. पण भांडणातूनही शब्दांचे भांडार वाढले. आज आपण सहज न्यूनगंड म्हणतो, तो ॲडलर यांच्या विचारातून मराठीत आला आहे. अहंगंड, सुप्त मन, अबोध मन हे शब्द तर शाळेतल्या मुलांच्याही ओळखीचे आहेत.

साहित्यात माणसाच्या मनातली अखंड, विस्कळीत बडबड जशीच्या तशी मांडण्याची रीत आली. मराठीत बा. सी. मर्ढेकरांनी १९४२ मध्ये ‘रात्रीचा दिवस’ या कादंबरीत संज्ञाप्रवाहाचा प्रयोग केला. चित्रकार साल्वादोर दाली १९३८ मध्ये लंडनला खास फ्रॉइडच्या भेटीला गेला. फ्रॉइडचा भाचा एडवर्ड बर्नेस याने मात्र मामाच्या विचारांचा वापर बाजारासाठी केला. वस्तूची उपयुक्तता सांगण्यापेक्षा माणसाच्या दडलेल्या इच्छेला हात घालावा, हे त्याचे तंत्र. १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या मिरवणुकीत त्याने तरुणींना सिगारेट ओढत चालायला लावले आणि सिगारेटला स्त्रीस्वातंत्र्याचे रूप दिले. आज मोटारसायकलची जाहिरात मायलेजऐवजी मर्दानगीवर चालते, तिचे मूळ इथे सापडते.

विष्णूची मूर्ती

भारतात हा विचार रुजवला कोलकात्याच्या डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी. मनात इच्छा कशा दडपल्या जातात, यावरचा त्यांचा प्रबंध १९२१ मध्ये फ्रॉइडपर्यंत पोहोचला आणि दोघांत पत्रव्यवहार सुरू झाला. १९२२ मध्ये बोस यांनी राहत्या घरी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. दोघांची भेट कधीच झाली नाही. बोस यांनी फ्रॉइडचे सगळे मान्यही केले नाही. भारतीय पुरुषाच्या मनाची घडण युरोपीय पुरुषासारखी नाही, असे ते त्याला पत्रांतून सांगत. १९३१ मध्ये फ्रॉइडच्या पंचाहत्तरीनिमित्त संस्थेने त्याला विष्णूची हस्तिदंती मूर्ती पाठवली. ती त्याने आपल्या टेबलावर ठेवली. १९३३ मध्ये बोस यांनी कोलकात्याच्या कारमायकल वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोरुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला आणि १९४० मध्ये लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालय उभे केले.

महाराष्ट्रात त्याच सुमारास र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लैंगिक प्रश्नांना उघड उत्तरे देत होते. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर. लोकांनी विश्वासाने विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देणे हा गुन्हा आहे का, हाच त्या खटल्यातला वाद होता. व्हिएन्नात आणि मुंबईत भाषा वेगळी असली तरी कोंडी एकच होती.

गरिबाच्या मनाचे काय?

मनोविश्लेषण महागडे होते. आठवड्यातून पाच-सहा दिवस, रोज जवळपास तासभर, महिनोन्महिने. हे परवडणार कोणाला? हा प्रश्न फ्रॉइडलाही पडला होता. पहिले महायुद्ध संपत आले असताना, १९१८ मध्ये, बुडापेस्टच्या परिषदेत त्याने मांडले की, गरिबालाही मनाच्या उपचाराचा तेवढाच हक्क आहे जेवढा शस्त्रक्रियेचा. मनाचे आजार समाजाच्या आरोग्याला क्षयापेक्षा कमी घातक नाहीत. आणि एक ना एक दिवस सरकारला हे उपचार मोफत द्यावे लागतील. त्याच्या अनुयायांनी सरकारची वाट पाहिली नाही. १९२० मध्ये बर्लिनमध्ये आणि १९२२ मध्ये व्हिएन्नात त्यांनी असे दवाखाने उघडले. कामगार, मोलकरणी, विद्यार्थी तिथे येत.

हे दवाखाने नाझींच्या राजवटीत गेले. १९३३ मध्ये बर्लिनमध्ये फ्रॉइडची पुस्तके जाळली गेली. १९३८ च्या मार्चमध्ये हिटलरचे सैन्य व्हिएन्नात शिरले. धाकटी मुलगी ॲना हिला गेस्टापोने चौकशीला नेले, तेव्हा कुठे म्हातारा घर सोडायला तयार झाला. ४ जून १९३८ रोजी त्याने व्हिएन्ना सोडले. तो लंडनला पोहोचला. मागे राहिलेल्या चार बहिणी नाझींच्या छळाला बळी पडल्या.

चिरूटाचे व्यसन त्याला कधीच सोडवता आले नाही. दिवसाला वीस चिरूट ओढणाऱ्या या माणसाला १९२३ मध्ये तोंडाचा कर्करोग झाला आणि पुढच्या सोळा वर्षांत तिसाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. टाळूच्या जागी बसवलेल्या कृत्रिम भागामुळे बोलणे कठीण झाले होते, तरी अखेरच्या काही आठवड्यांपर्यंत तो रुग्णांचे ऐकत राहिला. २३ सप्टेंबर १९३९ रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले.

आज आपल्या जिल्ह्यात

फ्रॉइडचा कोच यवतमाळला येणार नाही, आणि त्याची गरजही नाही. बोलण्याच्या उपचाराची पुढची रूपे कमी वेळाची आणि जास्त तपासलेली आहेत. महाराष्ट्रात डॉ. कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती अल्बर्ट एलिस यांची. ते आधी मनोविश्लेषकच होते. विचार-वर्तन उपचार मांडणारे ॲरन बेक यांचीही सुरुवात तिथूनच झाली. दोघांनी फ्रॉइडचे बरेच सिद्धांत टाकून दिले, पण रुग्णासमोर बसून त्याचे म्हणणे ऐकणे टाकले नाही.

बुडापेस्टमध्ये मांडलेला हक्क भारतात कायद्यात यायला शतक लागले. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला आणि २०१८ मध्ये लागू झाला. सरकारी खर्चाने मनाचे उपचार मिळणे हा त्यामुळे नागरिकाचा अधिकार आहे. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या जिल्ह्यांसाठी राज्याने २०१५ मध्ये ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. यवतमाळ त्यात आहे. आशा सेविकेने घरी येऊन झोप लागते का, जेवण जाते का, जगणे नकोसे वाटते का, असे विचारले, तर ती चौकशी उपचाराची पहिली पायरी असते.

कर्ज, नापिकी, भाव यांवर समुपदेशन हा तोडगा नाही. ते प्रश्न धोरणाचेच आहेत. पण त्या ओझ्याखाली गप्प झालेला माणूस ओळखणे घरच्यांच्या हातात आहे. त्याने तोंड उघडले की मध्ये बोलू नये, लगेच सल्ला देऊ नये, दुसऱ्याच्या मोठ्या दुःखाशी तुलना करू नये. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, असे सरळ विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट कोणी विचारले, याचा आधार वाटतो. अशा माणसाला एकटे सोडू नये आणि कीटकनाशकाचे डबे कुलपात ठेवावेत. झटके येत असतील तर आधी फेफरे आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. तीव्र नैराश्यात औषधेही लागतात आणि ती मध्येच बंद करू नयेत.

यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तिथपर्यंत जाणे जमत नसेल, तर ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा चोवीस तास सुरू असते, आणि तिथे मराठीत बोलता येते.